तुमच्या तोंडी घातलेलं वाक्य

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. या काळात मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलं आहे. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल, भोईवाड्यातली आपली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला त्याबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल. एक गोष्ट मात्र मनातसुद्धा सांगितली नाही. ती आज लिहायला घेतली, कारण उद्या दुपारपर्यंत मला एका मुलीला उत्तर द्यायचं आहे आणि तुम्हाला न सांगता ते देणं जमत नाही. उत्तर एका वाक्याबद्दल आहे. वीस-बावीस वर्षं लोक ते वाक्य तुमचं म्हणून वाचतात, म्हणजे तुमच्यासारख्या एका बिननावाच्या माणसाचं म्हणून. तुम्ही ते कधी म्हणालाच नव्हता.

तुमचं काम काय, हे शाळेत असताना मी कधी सरळ सांगितलं नाही. बाई वडिलांचा धंदा विचारायच्या. कुणी गिरणी म्हणायचं, कुणी बँक, कुणी बसमध्ये कंडक्टर. मी म्हणायचे, परळला प्रयोगशाळेत आहेत. बाईंना वाटायचं शास्त्रज्ञ, आणि मी दुरुस्ती करायचे नाही. तुम्ही तिथे प्राणिगृहात होता. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या, खाण्याच्या गोळ्या, पिल्लं झाली की त्यांची नोंद, मोठी झाली की कानाला खाच पाडून नंबर देणं. चाळीत सगळ्यांना माहीत होतं. गणपतीच्या दिवसांत तर तुम्ही जिना चढायला लागलात की तळमजल्यावरून हाक यायचीच. "काय मामा, बाप्पाची वाहनं बरी आहेत ना?" तुम्ही न थांबता म्हणायचा, "बरी आहेत. तुझीच चौकशी करत होती." मग सरळ मोरीत. अंघोळ झाल्याशिवाय तुम्ही कुणाला हात लावू देत नसा. कामावर एकदा अंघोळ करून आलेला माणूस घरी पुन्हा अंगावर दोन बादल्या पाणी घेतो, म्हणून आई करवादायची, कारण पाणी ती भरायची.

मी वर्तमानपत्रात लागले त्याच सुमाराला तुमच्याकडे ते नवे उंदीर आले. परदेशातून, विमानाने, जाळीच्या खिडक्या असलेल्या खोक्यांतून. त्यांच्यात माणसाचा एक जीन घातलेला होता. माणसाला ज्याच्यामुळे कॅन्सरची गाठ होते तो. ठरावीक वय झालं की त्यांनाही तशीच गाठ यायची, आणि मग तिच्यावर औषध चालतं का, ते बघायचं. त्यांच्यासाठी वेगळी खोली, दोन दारं, कपडे बदलून आत जायचं, आतला एकही जीव बाहेर जाता कामा नये. तुम्ही मला हे भात कालवता कालवता सांगितलंत. पिल्लांच्या शेपटीचं टोक तपासायला जायचं आणि काही दिवसांनी यादी यायची. कुणात तो जीन उतरलाय, कुणात नाही. मी विचारलं, "ज्यांच्यात नाही उतरला, ते सुटतात का?" तुम्ही म्हणालात, "सुटून कुठे जातील? ते जास्तीचे."

यादीच्या दिवशी जास्तीचे मोजून वेगळे काढायचे आणि त्यांना वायूच्या पेटीत ठेवायचं, हे तुमच्याकडे होतं. तुम्ही तिघे सेवक होता, आणि बाकीचे दोघे ते काम तुमच्यावर टाकायचे, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मला नंतर कळलं. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दारातूनच आईला सांगायचा, "आज पेज टाक." आईने दुपारी बाजारातून बांगडे आणून, साफ करून, मीठ-हळद लावून ठेवलेले असायचे.  ती तांदूळ धुवायची. आम्ही दोघी बांगडे खायचो आणि तुम्ही भिंतीला टेकून, वाटी तोंडाला लावून पेज प्यायचा. मालवणी माणूस समोर तळलेला बांगडा असताना त्याच्याकडे बघत नाही, हे मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिलेलं नाही. तुमचा सोमवार नव्हता, संकष्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा दोन बांगडे खायचा.

एकदा मी विचारलं होतं, असं का. तेव्हा मला बातमीदार होऊन वर्ष झालं असेल आणि कुणालाही काहीही विचारायची सवय लागली होती.  तुम्ही म्हणालात, "सव्वीस होते आज. हात धुतले की वास जातो. भूक लगेच येत नाही. म्हणून पेज. दुसरं काही नाही." आणि रेडिओ लावलात.

तुम्हाला माझं लिहिणं आवडायचं, पण तुम्ही कधी कौतुक केलं नाहीत. माझ्या पहिल्या मोठ्या बातमीत मी लिहिलं होतं, सुमारे शंभर लोक जमले होते. पेपर हातात धरून तुम्ही विचारलंत, "मोजले नाहीस?" मी म्हटलं, बाबा, असंच लिहितात. "सुमारे म्हणजे मोजायचा कंटाळा," तुम्ही म्हणालात. आठवडाभराने लालबागच्या स्टेशनरीवाल्याकडून जाड पुठ्ठ्याची एक वही आणून दिलीत, तुमच्या नोंदवहीसारखी, पानांवर आकडे छापलेली. म्हणालात, जे ऐकशील ते ह्यात तिथल्या तिथे उतरव, डोक्यात ठेवलं की ते वाढतं. मी हसले होते. ऑफिसात सगळ्यांकडे खिशात मावणाऱ्या छोट्या वह्या होत्या. मी ती घरीच ठेवली आणि आई तिच्यात दुधाचे खाडे लिहायची.

तुम्ही त्या कामाच्या विरुद्ध नव्हता. हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात नेमकं हेच उलटं झालं. आईला साखरेसाठी सुई सुरू झाली तेव्हाचा दिवस मला आठवतो. आधीचं औषध डुकराच्या शरीरातून काढलेलं होतं, हे तुम्ही तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण तिला कुठून तरी कळलं होतं. मग डॉक्टरांनी नवं दिलं. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमधून बाटली आणून ती ओट्यावर ठेवते आणि पदराला हात पुसत विचारते, "आधीचा डुकराचा होता. आता ह्या कसला?"

"जंतूंचा," तुम्ही म्हणता. "जंतूंत माणसाचो जीन घालतत. मगे ते जंतू माणसाचा इन्सुलिन करतत."

"माणसाचो? कोणाचो?"

"कोणाचोय. सगळ्यांचो सारकोच असता."

आई बाटली उजेडात धरून बघते. "असूंदे. पण वळखीच्या माणसाचो असलो तर बरा."

तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. नंतर गॅलरीत मला म्हणालात, या एका औषधामुळे किती जनावरं वाचली असतील, विचार कर. हे सगळं वाईट आहे म्हणणाऱ्यांनी एकदा तुझ्या आईची साखर बघावी. मला ते तेव्हाही पटलं होतं. तुमचं म्हणणं एवढंच होतं की काम करताना आपल्या हातून काय होतंय ते मोजावं. पेज हे त्या मोजण्यातलंच काहीतरी होतं, असं मला आता वाटतं. तुम्ही तसं म्हणाला नव्हता, तेव्हा हे माझं म्हणून धरा.

कापसाच्या बदललेल्या बियाण्याला परवानगी मिळाली तेव्हाची गोष्ट. सगळीकडे तीच चर्चा होती. मातीतल्या एका जंतूचा जीन कापसात घातलेला, बोंड खाणारी अळी त्यानेच मरते, फवारे कमी लागतील. कुणी म्हणत होतं शेतकरी वाचेल, कुणी म्हणत होतं बियाणं कायमचं कंपन्यांच्या हातात जाईल. आमच्या रविवार पुरवणीने या विषयावर पूर्ण पान करायचं ठरवलं, पिकं आणि प्राणी दोन्ही, उपयोग आणि नीती दोन्ही. ते माझ्याकडे आलं. आमची कचेरी तेव्हा गिरगावात होती, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. मी दहा दिवस खपून शास्त्रज्ञांना भेटले, शेतीवाल्यांना भेटले, प्राणिमित्रांना भेटले. शुक्रवारी दुपारी पान लागायचं होतं. सव्वातीन वाजता पुरवणीच्या संपादकांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ह्यात माणूस कुठे आहे? सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक बोलतायत. वाचक तिसऱ्या परिच्छेदात पेपर खाली ठेवेल. हातात उंदीर धरणारा कुणी नाही भेटला तुला?"

मी म्हटलं, एक जण आहे.

"मग चारपर्यंत घाल."

चाळीस मिनिटं होती. मी तुमची पेज लिहिली. तुमचं नाव, संस्थेचं नाव लिहिलं नाही, 'मुंबईतल्या एका प्राणिगृहातले सेवक' असं लिहिलं. दारातून सांगणं, समोरचा बांगडा, भिंतीला टेकणं, सगळं लिहिलं. मग तुमच्या बोलण्याची वेळ आली. सव्वीस होते आज, हात धुतले की वास जातो, भूक लगेच येत नाही. मी ते टाइप केलं आणि वाचून बघितलं. मला ते फिकं वाटलं. त्यात विचार नव्हता, असं मला वाटलं. मी ते खोडलं आणि लिहिलं: "देवाने घडवलेला उंदीर मारला तर देवाची माफी मागता येते. हा उंदीर माणसाने घडवलाय. याची माफी कुणाकडे मागायची?" आणि पुढे, असं ते सेवक विचारतात. चाराला पाच कमी होते. संपादकांनी वाचलं, लाल पेनने त्या वाक्याभोवती चौकट काढली आणि म्हणाले, हे मोठ्या टाइपात वर घ्या. मला फार बरं वाटलं. घरी येताना मी आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला होता, इतकं.

रविवारी तुम्ही पुरवणी वाचली की नाही, मला कळलं नाही. तुम्ही गावच्या मंडळाच्या सभेला लोअर परळला गेला होता. सोमवारी संध्याकाळी तुम्ही आलात, अंघोळ केलीत आणि नेहमीसारखे रेडिओकडे न जाता स्वयंपाकघरात आलात. आई सुकट निवडत होती. मी चहा गाळत होते. तुम्ही शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं पान काढून ओट्यावर पसरलंत. ते आपल्या घरच्या पेपराचं पान नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी निळ्या शाईने रेघ मारली होती.

"ह्या तू लिवलंस?"

"हो."

"ह्या पेजेचा तुका कोणी सांगल्यान?"

बाबा, मी त्या क्षणी विचार केला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी विचार केला. खरं सांगितलं तर तुम्ही पुढचं विचारणार आणि मला सांगावं लागणार की ते वाक्य मी रचलं. म्हणून मी म्हणाले, "मी दुसऱ्या एका संस्थेत गेले होते. तिथला माणूस म्हणाला. नाव नाही सांगता येणार बाबा, त्याला शब्द दिलाय. ज्याने बातमी दिली त्याचं नाव आम्ही कुणालाही सांगत नाही, घरीसुद्धा."

"तो पण पेज खाता?"

"तिकडेही कोकणातलीच माणसं आहेत."

 तुम्ही चौकटीतल्या वाक्यावर बोट ठेवलंत. "आणि ह्या माफीचा? ह्या पण तोच म्हणालो?"

"हो. तोच."

तुम्ही ते पुन्हा एकदा वाचलंत, ओठ हलवत. "बरो माणूस दिसता," तुम्ही म्हणालात. "पण चुकलो. माफी उंदराकडेच मागूची. दुसऱ्या कोणाकडे कशाक?"

आईने सुकटीतून मान वर केली आणि म्हणाली, चहा थंड होतोय. तुम्ही पान पुन्हा घडी घालून खिशात ठेवलंत. मी तिथे कपबशी धरून उभी होते आणि मला कळत होतं की माझ्या चौकटीतल्या वाक्याला तुम्ही एका ओळीत उत्तर दिलं आहे आणि ते माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. शरम वाटायच्या आधी मला ते वाटलं. हे सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

पंधरा दिवसांनी तुमची बदली झाली. प्राणिगृहातून भांडारात. घरी तुम्ही एवढंच म्हणालात की आता काचेच्या बाटल्या आणि गमबूट मोजायचेत. आई खूश झाली, वास गेला, एक बादली पाणी वाचलं. पेजेचे दिवस संपले. मासे तुम्ही आता बाजारात मिळतील त्या दिवशी खायचा. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि ती तुम्ही त्या भांडारात काढलीत. मी विचारलं नाही, बदली का झाली. तुम्ही सांगितलं नाहीत. मला माहीत होतं आणि नव्हतं, अशा तऱ्हेने मी ती तीन वर्षं काढली. तुम्ही मात्र कधीतरी संध्याकाळी खालच्या दुकानातून प्राणिगृहात फोन लावायचा आणि विचारायचा, नवीन पिल्लं कशी आहेत, पाण्याच्या नळ्या रोज बघतोस ना.

मला जे माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते तुमच्या तेराव्याला कळलं. तुमच्याबरोबरचा तो गुहागरचा सहकारी आला होता, तिघांतला सर्वांत नवा. जेवण झाल्यावर तो गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ताई, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "तुमचा तो लेख आला होता ना, तेव्हा साहेबांनी तिघांना बोलावलं होतं. पेज कोण खातो ते सगळ्यांनाच माहीत होतं. यादीच्या दिवशी आज घरी पेज ना, म्हणून आम्ही मामांची खेचायचो. पण साहेब म्हणाले, पेज खाऊ दे, त्याचं काही नाही. संस्थेच्या कामाबद्दल हे असं बाहेर बोलणं, हे कोणाचं? असा माणूस त्या खोलीत नको."

"मग?" मी विचारलं.

"मामा म्हणाले, मी नाही बोललो. माझ्या मुलीला दुसऱ्या संस्थेतला माणूस भेटला होता. साहेब म्हणाले, मग तुमच्या मुलीला फोन करून विचारतो. तर मामा म्हणाले, तिला विचारू नका. नाव सांगायचं नसतं असा त्यांचा नियम आहे. तुम्ही विचारलंत तर तिची पंचाईत होईल." त्याने एकदा आत बघितलं. "मग साहेब म्हणाले, तसं असेल तर मला तिघांपैकी कुणालातरी हलवावंच लागेल, वरून विचारणा आहे. मी तेव्हा पर्मनंट नव्हतो ताई. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, माझंच नाव लिहा. वाक्य चुकीचं आहे, पण माणूस वाईट नसणार. असं म्हणाले. आम्हाला काही कळलंच नाही, कुठला माणूस."

मी त्याला म्हटलं, बाबा तसेच होते. तो म्हणाला, हो ना. मग तो चप्पल घालून गेला. मी आत जाऊन ताटं उचलली. नसलेल्या माणसाचं नाव राखायला तुम्ही स्वतःचं दिलंत आणि त्या माणसाबद्दल चांगलंही बोललात. इतकं झाल्यावरही मी ते कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तिला वाटत राहिलं की वय झालं म्हणून तुम्हाला हलकं काम दिलं.

वाक्य मात्र चालत राहिलं. तुम्ही गेल्यावर तीन-चार वर्षांनी बदललेल्या वांग्यावरून वाद पेटला, तेव्हा दादरला एका सभागृहात सभा होती आणि त्या लेखामुळे मला व्यासपीठावर बोलावलं होतं. सूत्रसंचालक बाईंनी सुरुवातच त्या वाक्याने केली. "एका श्रमिकाचा हा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत बसले. नंतर एक निवृत्त प्राध्यापक बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, मी या वांग्याच्या विरुद्ध नाही, पण एक लक्षात ठेवा, पराग एकदा शेताबाहेर गेला की त्याला परत बोलावता येत नाही. मी ते टिपून घेतलं, आणि त्यांच्या पुढच्या भाषणातलं मला काही टिपता आलं नाही. सभा संपल्यावर चहा आणि लालबागचा चिवडा होता. मी त्या सूत्रसंचालक बाईंना म्हटलं, हा बहुतेक सरकीच्या तेलात तळलाय, आणि आता सरकी म्हणजे जवळजवळ सगळी त्याच बदललेल्या कापसाची. त्या हातातल्या बशीकडे बघून म्हणाल्या, "अहो, असं खाताना नका सांगू." आणि त्यांनी चिवडा संपवला. मीही संपवला.

पुढे मी या विषयावर खूप लिहिलं. ते वांगं आपल्याकडे थांबलं, शेजारच्या देशात पिकतं आहे, त्याबद्दल लिहिलं. कापसातल्या अळ्यांना त्या विषाची सवय झाली आणि फवारे परत आले, त्याबद्दल लिहिलं. माणसाचे जीन घातलेल्या उंदरांमुळे निघालेली औषधं आज परळच्याच इस्पितळांत लोकांना दिली जातात, आणि ती घेऊन माझी एक मैत्रीण सहा वर्षं जिवंत आहे, त्याबद्दलही लिहिलं. लोक म्हणतात, तुम्ही दोन्ही बाजू नीट मांडता. ते तुमच्याकडून आलं आहे. उपयोग नाकारायचा नाही, आणि ज्याच्या अंगावर तो उपयोग होतो त्याची मोजदाद सोडायची नाही. हे मी भाषणांत सांगते आणि कुठून शिकले ते सांगत नाही, कारण तुमचं नाव घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागेल.

आता दादरचे एक प्रकाशक माझ्या या लेखांचं पुस्तक काढत आहेत, कॉलेजच्या मुलांना उपयोगी पडेल असं. त्यांच्याकडची संपादक मुलगी हुशार आहे, वेळेची पक्की आहे, मला ती आवडते. परवा तिने पुस्तकाचं मागचं पान पाठवलं. माझा फोटो, खाली चार ओळी माझ्याबद्दल, आणि वर मोठ्या अक्षरांत ते वाक्य. त्याखाली, एक प्राणिगृह सेवक. माझ्या हातून फोन खाली ठेवला गेला. दिवसभर मी दुसरी कामं केली. काल सकाळी मी तिला फोन केला आणि म्हटलं, ते वाक्य काढ. मागच्या पानावरून आणि आतल्या लेखातूनही.

"का मॅडम? पुस्तकातली बेस्ट लाइन आहे ती."

"ते त्यांचं नाही. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी लिहिलं होतं ते."

बाबा, बावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. मला वाटलं होतं ती गप्प होईल, निदान तिच्या आवाजात काहीतरी बदलेल. ती म्हणाली, "ओह. म्हणजे तुमचं वाक्य आहे? मग तर प्रश्नच मिटला. लेखात दुरुस्त करू आपण, सेवकांचा उल्लेख काढून टाकू. आणि मागे तुमच्याच नावाने टाकते. लेखिकेची स्वतःची ओळ असली तर उलट जास्त चांगलं दिसतं. ओके ना?"

मी तिला सांगायला हवं होतं की ते वाक्य चुकीचं आहे. एका माणसाने ते वाचून ओट्यापाशी उभं राहून मला बरोबर उत्तर दिलं होतं, ते छाप. त्या वाक्यापायी त्या माणसाची तीन वर्षं बाटल्या मोजण्यात गेली. तो माणूस माझा बाप होता, हेही सांगायला हवं होतं. यातलं काहीही सांगायला फार तर दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "विचार करून कळवते." ती म्हणाली, शनिवारी दुपारपर्यंत सांगा, मग छपाईला जातंय.

उद्या शनिवार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. लिहून झालं की उत्तर आपोआप येईल, अशा समजुतीने मी सकाळी बसले होते. आता चार वाजायला आलेत आणि मुलीला मी अजून काही कळवलेलं नाही. ती म्हणाली, तुमच्याच नावाने टाकते, तेव्हा मला बरं वाटलं होतं बाबा. अगदी थोडं, पण वाटलं होतं. अजूनही मी तिला नको म्हटलेलं नाही.